नायजर ट्रिगर कपारीत दडून बसलाय, खात नाही: आधी काय तपासायचं, कुठे हात आवरायचा

लक्षणं

मासा आणला, पाण्यात सोडला आणि त्याने पहिली दिसली ती कपार गाठली. तेव्हापासून दगडाबाहेर दिसतात ती फक्त शेपटीची दोन लांब टोकं. खाणं टाकलं तर तळाशी पडून राहतं. अंगाचा गडद निळा-जांभळा रंग उतरून फिकट, हिरवट-करडा झालेला असतो. कधी मासा चक्क आडवा पडलेला दिसतो आणि घरातल्यांचा धीर सुटतो. बाहेर काढायला जावं तर पाठीवरचा काटा ताठ होतो आणि मासा दगडात असा रुतून बसतो की हलत नाही.

दुसरा प्रकार जुन्या माशाचा. वर्ष-दोन वर्षं हातातून खाणारा ट्रिगर अचानक चार दिवस बाहेर येत नाही, किंवा बाहेर येतो पण तोंडात घेतलेलं खाणं थुंकून टाकतो.

ठाणे-मुंबईच्या घरांमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळण्याचं काम मी बारा वर्षं करतोय. नायजर ट्रिगरबद्दल येणारे फोन बहुतेक याच दोन तक्रारींचे असतात. मी पोचेपर्यंत बऱ्याच घरांत पाणी निळं झालेलं असतं, कारण दुकानातून आणलेली औषधाची बाटली आधीच ओतलेली असते. ती ओतण्याआधी काय करायचं, त्यासाठी हे सगळं लिहितोय.

यातलं काय आजार नाही

नायजर ट्रिगर म्हणजे ओडोनस नायजर. नाव 'काळा' असं सांगतं, अंग निळं असतं आणि दात लाल. तांबड्या समुद्रापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत, इकडे मालदीव-लक्षद्वीप, पुढे पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत तो सापडतो. प्रवाळभिंतीच्या बाहेरच्या उतारावर, जिथे प्रवाह जोरात असतो, तिथे यांचे मोठे थवे पाण्याच्या मध्यभागी तोंड प्रवाहाकडे करून वाहत येणारे सूक्ष्म जीव टिपत असतात. धोक्याची चाहूल लागली की सगळा थवा एकदम खाली सूर मारतो आणि प्रत्येक मासा आपापल्या भोकात शिरतो. डोकं आत, शेपटीची टोकं बाहेर. तुमच्या टाकीत जे दिसतंय तेच.

भोकात शिरल्यावर तो पाठीवरचा पहिला काटा उभा करतो. त्यामागचा दुसरा छोटा काटा पहिल्याला खिटीसारखा अडकतो. मग पहिला काटा कितीही दाबा, बसत नाही. दुसरा खाली गेला की पहिला आपोआप सुटतो. बंदुकीच्या चापासारखी ही रचना, म्हणून 'ट्रिगर'. मोठ्या माशाने ओढून काढू नये म्हणून ही सोय आहे. तुम्ही शेपटी धरून ओढलंत तर त्याच्या लेखी तुम्हीच तो मोठा मासा. काटा मोडतो, कातडं सोलतं आणि जखमेत जंतू शिरतात. असे मासे मी पाहिले आहेत. कृपा करून ओढू नका.

झोपताना किंवा घाबरल्यावर आडवं पडणं हीसुद्धा ट्रिगरची रीत आहे. पाण्याबाहेर काढल्यावर तो खुर्रखुर्र आवाज करतो, तेही नेहमीचंच. रंग तर दिवसातून कितीदा तरी बदलतो. म्हणजे वरच्या यादीतली निम्मी लक्षणं निव्वळ भीतीची आहेत. उरलेल्या निम्म्यांसाठी खालच्या तपासण्या, फुकटातल्यापासून सुरुवात करून.

दिवे बंद करा, लांब बसा

नवा मासा असेल तर पहिले ४८ तास टाकीचे दिवे बंद, खोलीत वर्दळ कमी आणि काचेवर टकटक अजिबात नाही. मोबाइल समोर टेकवून अर्धा तास व्हिडिओ काढा आणि खोलीतून निघून जा. माणूस गेल्यावर मासा बाहेर येऊन फेरी मारतो का, हे त्यात कळतं. माझ्याकडे आलेल्या कितीतरी तक्रारी या एका व्हिडिओने मिटल्या आहेत.

व्हिडिओत कल्ले बघा. दोन्ही बाजूंची उघडझाप सावकाश आणि सारखी चालली असेल तर घाई नको. एकच कल्ला हलतोय, किंवा मासा सतत पृष्ठभागाशी किंवा पंपाच्या झोताशी तोंड लावून धापा टाकतोय, तर पुढच्या तपासण्या आजच्या आज करायच्या. पोटही बघा. भरलेल्या अंगाचा मासा आठवडाभर न खाता राहू शकतो. डोक्यामागची पाठ बसलेली आणि पोट आत गेलेलं असेल तर तो दुकानातच बरेच दिवस उपाशी होता. त्याच्याकडे तेवढा वेळ नाही.

आणखी एक फुकटची तपासणी खोलीची. डास मारायची कॉइल, प्लगमध्ये लावायचं लिक्विड, झुरळांचा स्प्रे, नुकतंच झालेलं पेस्ट कंट्रोल, दिवाळीचं रंगकाम. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. डासांच्या औषधांत पायरेथ्रॉइड जातीची रसायनं असतात आणि माणसाला ती फारशी बाधली नाहीत तरी माशांना विषारी आहेत. एका घरी दर पावसाळ्यात मासे सुस्तावायचे. पंप पलंगाखाली होता आणि कॉइलही तिथेच. पंप गॅलरीत नेल्यावर ती तक्रार पुन्हा आली नाही. असं काही सापडलं तर फिल्टरमध्ये नवा कार्बन टाका आणि थोडं पाणी बदला.

तापमान

शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर पुरतो. २४ ते २७ अंश सेल्सिअस हवं. एप्रिल-मेमध्ये चिलर नसलेल्या टाकीचं पाणी ३१-३२ वर सहज जातं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि खाऱ्या पाण्यात तो मुळातच गोड्यापेक्षा कमी असतो. नायजर हा उसळत्या प्रवाहातला मासा, त्याला हे सर्वांत आधी जाणवतं. टाकीवर पंखा लावून तापमान दोनेक अंश उतरवता येतं. पण पंख्याने बाष्पीभवन वाढतं, आणि तिथून पुढची भानगड सुरू होते.

खारटपणा

इथे मी जरा रेंगाळणार आहे. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच सापडतो.

समुद्राच्या पाण्यात हजार भागांत साधारण ३५ भाग क्षार असतात. खारटपणा मोजायच्या उपकरणावर हे साध्या पाण्याच्या तुलनेतल्या घनतेत, १.०२५ ते १.०२६ च्या आसपास दिसतं. टाकीतून उडून जातं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. पातळी खाली गेली की बरेच जण मिठाचं पाणी कालवून भर घालतात. दर आठवड्याला असं केलं तर खारटपणा चढतच जातो. उडालेल्या पाण्याची भर नेहमी आरओच्या साध्या पाण्याने घालायची. मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना. उन्हाळ्यात पंखा चालू असेल तर रोज भर घालावी लागते. दहा दिवस गावाला जाऊन आलात आणि मासा कपारीत गेलाय, तर आधी हेच मोजा.

नव्या माशाचं दुखणं उलटं असतं. पुष्कळ दुकानांत पाणी मुद्दाम कमी खारट ठेवलेलं असतं, १.०१८ किंवा त्याहून खाली. मीठ वाचतं आणि काही परजीवीही दबून राहतात. असा मासा तुम्ही तासाभरात १.०२५ च्या पाण्यात सोडता. कमी खारटाकडे जाणं माशाला बऱ्यापैकी झेपतं, जास्त खारटाकडे एकदम जाणं नाही, कारण अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि मूत्रपिंडांवर आणि कल्ल्यांवर ताण येतो. पहिले दोन दिवस तो तग धरतो, तिसऱ्या दिवशी मलूल होतो, आणि मालकाला वाटतं आजार आला. म्हणून मासा घ्यायच्या आधी दुकानातल्या पाण्याचा खारटपणा विचारा, जमलं तर मोजा. घरी वेगळ्या टाकीत तेवढंच खारट पाणी तयार ठेवा आणि मग रोज ०.००१ ते ०.००२ या गतीने वर न्या. हप्ताभर लागेल, लागू दे.

हायड्रोमीटरच्या, म्हणजे घनता दाखवणाऱ्या साध्या उपकरणाच्या, काट्यावर बुडबुडा बसला तरी आकडा बदलतो. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्याच्या थेंबात प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा सांगणारं उपकरण, घेणं बरं. पण तो साध्या पाण्याने शून्यावर आणून भागत नाही, ३५ क्षारतेच्या प्रमाण द्रावणाने जुळवावा लागतो, कारण आपल्याला अचूकता हवी असते ती शून्यापाशी नाही, पस्तिशीपाशी.

अमोनिया

खाऱ्या पाण्याची टेस्ट किट वापरा, गोड्या पाण्याची नको. अमोनिया (माशाच्या उत्सर्गातून पाण्यात साठणारं विष) शून्य, त्यातूनच बनणारं नायट्राइट शून्य. अमोनियात 'थोडासा आहे' याला अर्थ नाही. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८ च्या वर असतो आणि पीएच जितका चढा, तितका अमोनियाचा जास्त हिस्सा विषारी रूपात असतो. गोड्या पाण्यात गोल्डफिश ज्या आकड्यावर तग धरेल, त्यावर ट्रिगरचे कल्ले जळतात.

आणतानाच्या पिशवीतही हेच गणित असतं. लांबच्या प्रवासात पिशवीत अमोनिया साठतो, पण माशाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, म्हणून तो अमोनिया त्या वेळी कमी घातक असतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तेव्हा दुसऱ्या शहरातून आलेला मासा उघड्या पिशवीत तासन्‌तास टाकीचं पाणी थेंबथेंब सोडत ठेवू नका. तापमान जुळवा आणि आधीच खारटपणा जुळवून ठेवलेल्या पाण्यात लगेच सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही.

किटमध्ये अमोनिया दिसला तर त्याच दिवशी पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, खाणं थांबवा, हवेचा पंप वाढवा. कारण शोधा: फिल्टर एकदम नळाखाली धुतला का, दगडामागे काही मेलंय का, रात्री वीज गेली होती का. आणि औषध ओतलं होतं का. डोंबिवलीतल्या एका घरी मासा दुसऱ्या दिवशी कपारीत होता म्हणून मुख्य टाकीत मेथिलीन ब्लू टाकलं. त्याने फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जीवाणू मेले. चौथ्या दिवशी अमोनिया चढला, पाचव्या दिवशी मासा गेला. तो मासा फक्त घाबरलेला होता. तिथल्या मुलीने त्याच्या शेपटीच्या टोकांचं चित्र काढून काचेला चिकटवलं होतं, ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

खाणं

पाणी बिनचूक निघालं तर मग ताटाकडे वळा. समुद्रात हा मासा वाहतं अन्न टिपतो, शिवाय स्पंज कुरतडतो. तळाशी पडलेली गोळी त्याला अन्न वाटतच नाही. बारीक चिरलेली कोळंबी किंवा माकूळ पंपाच्या झोतात सोडा, म्हणजे तुकडे पाण्यातून वाहत त्याच्या भोकासमोरून जातील. थोडं थोडं, दिवसातून तीनदा. पाच मिनिटांत न खाल्लेलं काढून घ्या. लसणाचा रस लावून तुकडे देण्याची पद्धत आहे, कधी भूक चाळवते, पण त्याला औषध समजू नका.

जुन्या माशाने खाणं थुंकलं तर तोंड बघा. ट्रिगरच्या दातांना कठीण खाणं लागतं. वर्षभर नुसते मऊ तुकडे दिले तर दात वाढून तोंड मिटेनासं होतं. आठवड्यातून दोनदा सालासकट कोळंबी, अर्धवट उघडलेली तिसरी (शिंपली) द्या. बाजारातून आणलेलं आधी काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मीठ-हळद न लावता. पण फक्त शिंपल्यांवरही ठेवू नका. कच्च्या शिंपल्यांत आणि काही माशांत ब१ जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो, म्हणून आलटूनपालटून आणि अधूनमधून जीवनसत्त्वाचे थेंब लावून.

शेजारी आणि जागा

दुकानात तीन इंचाचा असतो, पण हा मासा समुद्रात अर्ध्या मीटरपर्यंत वाढतो. तीन फुटी टाकीत ट्रिगर ठेवू नका असं मी स्पष्ट सांगतो, गिऱ्हाईक नाराज झालं तरी. सहा फूट लांबी, सहाशे लिटरच्या वर पाणी आणि जोराचा प्रवाह ही त्याची गरज आहे. टाकीत आधीपासून क्लाउन ट्रिगर किंवा दुसरा दांडगा मासा असेल तर नायजर बाहेर येणारच नाही; ट्रिगरांमध्ये हा त्यातल्या त्यात सौम्य. दोन दिवस मध्ये जाळीची आडभिंत घालून बघा. भिंत घालताच तो बाहेर आला तर उत्तर मिळालं.

त्याला लपायला स्वतःच्या मापाचं भोक हवंच. दगड टाकीच्या तळावर टेकवून पक्के रचा, वाळूवर नको, कारण हा मासा वाळू उपसतो आणि रास कोसळते. खरं प्रवाळ मात्र शोधत बसू नका. भारतात प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे दगड या माशाला तितकेच चालतात.

पाण्यात वीज

सगळे मासे एकदमच बिथरले असतील आणि पाण्यात हात घातल्यावर झिणझिण्या येत असतील तर तपासणी इथेच थांबवा. हात बाहेर, मेन स्विच बंद, मग प्लग काढा. तडा गेलेला हीटर किंवा पंप खाऱ्या पाण्यात जीवघेणा असतो, तुमच्या जिवाला. पुढचं काम इलेक्ट्रिशियनचं. टाकीच्या लाइनवर गळती ओळखून वीज तोडणारा स्विच बसवून घ्या.

परजीवी

वरचं सगळं नीट असूनही मासा दगडाला अंग घासतोय, पंखांवर मिठाच्या खड्यांसारखे पांढरे ठिपके आहेत, तर तो बहुधा क्रिप्टोकॅरिऑन. ठिपके चार-पाच दिवसांत गळतात आणि लोकांना वाटतं बरा झाला. ते परजीवी तळाला जाऊन कोषात विभागतात आणि मग शेकड्यांनी परत येतात. ठिपक्यांऐवजी अंगावर पिठीसारखा बारीक सोनेरी थर आणि जोरात धापा असतील तर तो अमायलूडिनियम. त्यात तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नाही.

उपचार वेगळ्या, दगड-वाळू नसलेल्या टाकीत. नेताना जाळं वापरू नका, काटा आणि दात त्यात गुंततात. मासा दगडासकट उचला, बादलीत दगड पाण्याखाली ठेवून थांबा, तो स्वतःहून सुटतो. मोकळा असेल तर प्लास्टिकच्या डब्याने पाण्यासकट घ्या. हाताने नको, या जबड्याने शिंपला फुटतो. या परजीवींवर देतात ते तांब्याचं औषध मुख्य टाकीत कधीच घालायचं नाही. दगड आणि वाळू तांबं शोषून घेतात, मात्रा कळेनाशी होते, खेकडे-गोगलगायी मरतात. वेगळ्या टाकीतही तांब्याची टेस्ट किट नसेल तर औषध सुरूच करू नका, कारण उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा जवळजवळ असतात. मुख्य टाकी या काळात माशांविना ठेवायची, मी अडीच महिने ठेवतो.

थांबा आणि जाणकाराला बोलवा

अमायलूडिनियमचा संशय आला की लगेच. तोंड उघडं राहिलंय आणि मिटत नाही. मासा डोकं खाली करून तरंगतोय किंवा पोहताना सतत वर ओढला जातोय. खोल पाण्यातून घाईने वर आणलेल्या माशांच्या वाताशयाला (तरंगायला मदत करणाऱ्या आतल्या हवेच्या पिशवीला) इजा होते, ती घरी बरी होत नाही. दोन्ही डोळे गढुळले, खवले उभे राहिले, अंगाची साय सुटून लोंबतेय. किंवा हाताची सावली पडली तरी काटा उभा होत नाही. हे शेवटचं मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण काटा उभारणं ही ट्रिगरची सर्वांत शेवटी जाणारी सवय. यातलं काहीही दिसलं किंवा पाणी ठीक असून दहा दिवस अन्न पोटात नाही, तर प्रयोग बंद करा. मनाने प्रतिजैविकं देऊ नका.

माशांचे डॉक्टर कमी आहेत, पण आहेत. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत आणि रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात मत्स्यरोग शिकवले जातात. तिथून शिकलेल्या जाणकारांची चौकशी करा, किंवा मासे तपासणारा पशुवैद्य गाठा. आणि कंटाळून मासा जुहूला किंवा खाडीत सोडू नका. हा आपल्याच समुद्रातला मासा असला, कर्नाटक-केरळच्या ट्रॉलरना अलीकडे ढिगाने सापडत असला, तरी टाकीतला आजार समुद्रात जाता कामा नये. आणि एकटा, प्रवाळभिंतीपासून दूर, तो जगणारही नाही.

डॉक्टरकडे जाताना हे न्या: अर्ध्या तासाचा व्हिडिओ, झाकण घट्ट लावलेली अर्धा लिटर टाकीच्या पाण्याची बाटली, तापमान-खारटपणा-अमोनियाचे तारखेसह आकडे, आजवर ओतलेल्या प्रत्येक बाटलीचं नाव आणि मात्रा, आणि मासा कोणत्या तारखेला, किती खारट पाण्यातून आला ते.